‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त देवगिरीच्या लेव्हल : न मरणारा सांगाडा, आणि इतरांना नेमके काय द्यावे?

परभणीचा_राजपुत्र

सर्वांना नमस्कार. १९९८च्या सुमारास परभणीत वसमत रस्त्यावरच्या एका संगणक वर्गात मी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा पाहिला. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टंकून खेळ सुरू केला, की शिफ्ट आणि एल एकदम दाबून थेट पुढच्या लेव्हलला जाता येते, हे गुपित ज्याला ठाऊक असे त्याच्या खुर्चीभोवती मुलांचा गराडा पडत असे. साठ मिनिटांच्या आत सरळ मार्गाने बारावी लेव्हल गाठलेला मात्र आमच्या तुकडीत एकही नव्हता, कारण खेळातले घड्याळ संपण्याआधीच भारनियमनाची वेळ होई.

यंदा जानेवारीत मुलीला घेऊन देवगिरीवर गेलो होतो. खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलो, मोबाईलच्या उजेडात पायऱ्या चाचपत वर निघालो आणि पहिल्याच वळणावर ती म्हणाली, “बाबा, हे तर तुमच्या त्या राजपुत्राच्या खेळासारखंच आहे.” तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर तासभर आम्ही दोघे ‘अ‍ॅपोप्लेक्सी’ या लेव्हल रचायच्या मोफत एडिटरमध्ये किल्ला बांधत आहोत आणि आजच्या संगणकावर हा खेळ चालवणाऱ्या ‘एसडीएलपॉप’वर तो चालवून पाहत आहोत. तीन लेव्हल तयार झाल्या आहेत : महाकोटाचे दरवाजे, खंदक व पूल, आणि अंधारी.

आता दोन ठिकाणी अडलो आहे. अंधारीसाठी मी खेळातली मूळ तिसरी लेव्हलच उघडली आणि तिच्यातल्या भिंती हलवल्या. पहिल्या क्रमांकाच्या खोलीतला सांगाडा शोभेसाठी जागेवरच राहू दिला. बाहेर पडायचा दरवाजा उघडून राजपुत्र त्या खोलीत आला, की हा सांगाडा उठून तलवार चालवू लागतो आणि कितीही वार केले तरी मरत नाही. मूळ खेळात त्याला कडेवरून खाली ढकलता येत होते. माझ्या अंधारीत त्या जागी कडाच नाही. दुसरा प्रश्न वाटपाचा आहे. या लेव्हल दुसऱ्यांना खेळायला द्यायच्या, तर संपूर्ण खेळ द्यावा की एखादीच फाईल?

जालन्याचा_पहारेकरी

भाऊ, आपल्या हातून चूक झालेली नाही. खेळाची रचनाच तशी आहे. भिंती, फरश्या, फाटके आणि पहारेकरी हे सारे लेव्हलच्या फाईलीत असते, परंतु सांगाडा उठणे, आरसा प्रकट होणे, उंदीर येऊन बंद फाटक उघडणे अशा घटना लेव्हलच्या क्रमांकाला बांधून मूळ प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या आहेत. तिसरी लेव्हल, पहिली खोली, उघडलेला दरवाजा आणि ठरलेल्या जागी सांगाड्याची फरशी, एवढ्या गोष्टी जुळल्या की तो उठणारच, मग आजूबाजूला पर्शिया असो की देवगिरी. एडिटरमध्ये त्या जागेवरचा सांगाडा पुसून साधी फरशी ठेवली, की प्रश्न मिटतो. शोभेसाठी हवाच असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा. तिथे तो निमूट पडून राहील.

असाच एक मुद्दा पुढच्या कामाच्या दृष्टीने सांगून ठेवतो. पहिल्या तीन लेव्हल तळघराच्या रंगरूपाच्या आणि चौथी ते सहावी महालाच्या, हेही प्रोग्रॅममध्येच ठरलेले आहे. तुम्हाला हे सोयीचे पडेल, कारण अंधारीनंतरची चौथी लेव्हल किल्ल्यातल्या चिनी महालाची करता येईल. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर औरंगजेबाने तिथल्या शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसनला, याच महालात कैदेत ठेवले होते, तेव्हा कैद्याच्या गोष्टीला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. फक्त चौथ्या लेव्हलमध्ये दरवाजा उघडला की चौथ्या क्रमांकाच्या खोलीत वरच्या रांगेत आरसा उभा राहतो, तेवढी जागा बांधकामातून मोकळी सोडावी. ‘एसडीएलपॉप’मध्ये कोणती घटना कोणत्या लेव्हलमध्ये घडावी आणि कोणत्या लेव्हलला कोणते रंगरूप असावे हे सेटिंगच्या फाईलीत लिहून बदलता येते, पण पहिल्याच संचात त्या वाटेला न जाणे बरे.

लातूरची_फ्लॉपी

वाटपाबद्दल मी लिहिते. सर, संपूर्ण खेळ देऊ नका. मूळ खेळातली चित्रे आणि आवाज आपले नाहीत, आपली आहे ती रचना, आणि ती अगदी थोड्या जागेत मावते. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या असतात आणि प्रत्येक खोली म्हणजे तीन रांगांत दहा-दहा अशी ३० घरे. कोणती खोली कोणत्या खोलीला चारही बाजूंनी जोडलेली आहे, कोणती फरशी दाबल्यावर कोणते फाटक हलते आणि पहारेकरी कुठे उभे आहेत, ही माहिती धरूनही डॉसच्या फाईलीत एक लेव्हल २३०५ बाईटमध्ये बसते. संपूर्ण संचाची फाईल ३७ हजार बाईटच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या काळच्या एका फ्लॉपीवर असे कितीतरी संच राहिले असते. ‘एसडीएलपॉप’मध्ये मॉड, म्हणजे चाहत्यांनी बदललेले संच, ठेवण्यासाठी स्वतंत्र फोल्डर असते, आपल्या संचाच्या नावाचे एक फोल्डर करून त्यात लेव्हलची फाईल ठेवावी आणि तेवढेच फोल्डर झिप करून पाठवावे.

हे इतके सोपे कशामुळे झाले, तेही सांगावेसे वाटते. जॉर्डन मेक्नर यांनी हा खेळ ॲपल टू संगणकासाठी लिहिला, ब्रॉडरबंडने तो १९८९ मध्ये आणला, आणि आपण वर्गांतून खेळलो ती डॉसची आवृत्ती १९९०ची. २०१२ मध्ये मेक्नर यांच्या वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि ॲपल टूचा मूळ कोड जाणकारांच्या मदतीने वाचून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला करण्यात आला. डॉसच्या आवृत्तीचा कोड मात्र त्यात नव्हता. तो खेळाच्या तयार प्रोग्रॅमवरून, एकेक सूचना उलगडून, चाहत्यांनी पुन्हा लिहून काढला आणि त्यातूनच ‘एसडीएलपॉप’ उभा राहिला. आज विंडोजवर किंवा लिनक्सवर आपल्याला डॉसची कटकट न करता देवगिरी खेळता येते, ती या लोकांच्या चिकाटीमुळे, म्हणून सोबतच्या टिपणात एडिटरचे आणि ‘एसडीएलपॉप’चे नाव अवश्य लिहावे.

टिपण मराठीत असावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. लेव्हल किती, प्रत्येक लेव्हल किल्ल्याच्या कोणत्या भागावर आहे आणि तिसरी संपल्यावर काय होते, हे त्यात आले पाहिजे, कारण पुढच्या लेव्हल आपण बदलल्या नसतील तर अंधारीतून बाहेर पडलेला राजपुत्र थेट मूळ खेळाच्या चौथ्या लेव्हलमध्ये जाऊन उभा राहील आणि खेळणाऱ्याला काहीच उमगणार नाही.

परभणीचा_राजपुत्र

आपणा दोघांचे मनापासून आभार. सांगाडा काढला आणि अंधारी सुरळीत चालली. मुलीच्या आग्रहाखातर तो खंदकाच्या तळाशी नेऊन ठेवला आहे. ताई, आपण म्हणता तसे फोल्डर केले आहे आणि टिपण मुलीकडून लिहून घेतले आहे. दुवा सोबत देत आहे. ज्यांनी या दोन महिन्यांत एडिटर उघडूनही पाहिलेला नाही, अशा कोणी एकदा खेळून पाहावे. आम्हा दोघांना प्रत्येक फरशी पाठ झाली आहे, त्यामुळे या लेव्हल कठीण आहेत की सोप्या, हे आता आम्हाला कळेनासे झाले आहे.

उदगीरचा_बुरूज

काल रात्री तिन्ही लेव्हल खेळलो. एकूण २७ मिनिटे लागली, त्यांपैकी १५ एकट्या अंधारीत गेली. पुलावरचा पहारेकरी फार उत्तम जागी उभा केला आहे. मागे सरकायला दोनच फरश्या आहेत आणि तिसरे पाऊल थेट खंदकात पडते, त्यामुळे तिथे मी चार वेळा मेलो आणि चारही वेळा चूक माझीच होती. महाकोटाच्या दुसऱ्या दरवाजाचे फाटक उघडून धावत सुटलो, की ते डोक्यावर येता येता पलीकडे पोहोचतो, हे अंतरही अचूक साधले आहे.

अंधारीत मात्र एक जागा दुरुस्त केली पाहिजे. नवव्या खोलीत वरच्या रांगेत डावीकडून सहावी फरशी सुटी आहे. तिच्यावर पाय पडला की राजपुत्र तिच्यासकट दोन मजले खाली जातो, जीवनाचा एक अंश गमावतो आणि दोन भिंतींच्या मधल्या एका घरात जिवंत उभा राहतो. वर उडी मारून कडा पकडायची, तर ती एकच मजला उंच असावी लागते. इथे ती दोन मजले वर आहे. मरण नाही, वाटही नाही. कंट्रोल आणि ए दाबून लेव्हल पुन्हा सुरू करण्यावाचून काहीच करता येत नाही आणि तोवर घड्याळ चालूच राहते. पडून मेलो असतो तर वाईट वाटले नसते, पण असे अडकून पडलेला माणूस खेळ बंद करून उठतो.

त्याच खोलीत मधल्या रांगेतली पाचव्या घराची भिंत काढून तिथे साधी फरशी ठेवा, आणि वरच्या रांगेतली पाचवी फरशी पक्की आहे ती तशीच राहू द्या. मग खड्ड्यात पडलेल्याला आधी मधल्या फरशीवर आणि तिथून वर चढता येईल. अंश गेला तो गेला, पण वाट राहील. बदललेली फाईल ठेवलीत की मी आज रात्री साडेनऊनंतर पुन्हा खेळतो. आमचे पुतणे आज उदगीरला येत आहेत, त्यांनी हा खेळ कधीच पाहिलेला नाही, त्यांनाही पुलावरच्या पहारेकऱ्यापुढे बसवतो.