मदत हवी आहे: जन्मजात ओम्फॅलोसील, २६व्या वर्षी पोटाची भिंत शिवायची आहे

तासगावकर:
धाकट्या भावाला जन्मतः ओम्फॅलोसील होतं, म्हणजे बेंबीपाशी पोटाची भिंत उघडी राहून आतले अवयव पातळ पिशवीत बाहेर आलेले. तेव्हा नुसती कातडी ओढून शिवली, स्नायू लांबच राहिले. आता बेंबीच्या वर नारळाएवढा फुगवटा आहे. सीटीत स्नायूंमधली फट १३ सेंमी, फुगवट्याच्या पिशवीत आतडी आणि यकृताचा थोडा भाग. "जाळी टाकू" (पोटाच्या भिंतीला आधार म्हणून) एवढंच सांगितलंय. दुसरं मत घ्यायला मिरजेला जातोय. काय विचारू?

टाका_दोरा:
फटीआधी पिशवीचं विचारा. बाहेर आलेलं परत मावेल एवढी जागा आत आहे का? सीटीवरून पिशवी आणि पोटाची पोकळी दोन्हींचं आकारमान निघतं. पिशवी पोकळीच्या २५ टक्क्यांच्या पुढे असेल आणि सगळं एकदम आत कोंबलं, तर श्वासपटल वर ढकललं जातं, व्हेंटिलेटर निघता निघत नाही, लघवी कमी होते. पोटातला दाब २० मिमी पाऱ्याच्या वर टिकून अवयव बंद पडू लागले तर शिवलेलं पोट उघडावं लागतं. म्हणून अशा पेशंटला साधारण ४ आठवडे आधी सोनोग्राफीत बघून कडेच्या स्नायूंत बोटॉक्स देतात, दोन्ही बाजूंचं मिळून २०० ते ३०० युनिट. स्नायू सैल पडून लांबतात.

जाळी रेक्टसच्या (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूंच्या) मागे हवी, आतड्याला स्पर्श न होणारी, फटीच्या काठापुढे चहूबाजूंनी किमान ५ सेंमी. फट तशीच ठेवून वर नुसती जाळी ताणणार असतील तर कारण विचाराच. त्यात परत फुगण्याची शक्यता बरीच जास्त. ओम्फॅलोसीलमध्ये रेक्टस बरगड्यांपाशीच फाकलेले असतात. खालचं पोट जुळतं, घोडं अडतं ते छातीखाली.

भूलवाले_मिरज:
टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी करा, ओम्फॅलोसीलसोबत हृदयाचे जन्मजात दोष असतात. यकृत कातडीला चिकटलेलं असतं, ते आत घेताना यकृताच्या रक्तवाहिन्या पिळल्या तर बीपी धाडकन उतरतं. आतड्यांची ठेवणही नेहमीची नसते, अपेंडिक्स डावीकडेही सापडेल. लहानपणीचे कागद असतील तर सोबत न्या.

तासगावकर:
आभारी आहे. भाऊ बिडी ओढतो. आणि यंत्रमागावर कामाला परत कधी जाईल?

टाका_दोरा:
बिडी किमान ४ आठवडे आधी बंद, नाहीतर जखम चिघळते आणि खोकल्याने टाके ताणतात. साखर असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८ टक्क्यांच्या खाली आणा. नंतर पोटपट्टा, आणि ६ ते ८ आठवडे जड उचलणं नाही. बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) तर नाहीच. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाला) विचारा, बोटॉक्सचं वेगळं विचारा.