पॅन्स या स्किझोफ्रेनियाच्या मोजपट्टीचा निगेटिव्ह स्कोअर कितपत धरायचा?

रेसिडेंट_दुसरंवर्ष: पेशंट २४ वर्षांचा, चौथी शिकलेला. आई म्हणते, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ विचारला, तर म्हणाला, “आमचं अंगण सरळच आहे, डॉक्टर.” झालं, एन-५ ला (निगेटिव्ह भागातला पाचवा आयटम) गुण वाढले! हे निगेटिव्ह लक्षण, म्हणजे भाव, बोलणं, उत्साह असं काही कमी होणं, कसं? थीसिसला पॅन्सच ठेवू का?

जुना_मानसोपचारक: शंका रास्त आहे. पॅन्स १९८७ चं. एन-५ अमूर्त विचार आणि एन-७ साचेबद्ध विचार हे दोन्ही आकलनाकडे झुकतात. निगेटिव्ह लक्षणांवरच्या तज्ज्ञांच्या २००५ च्या सहमतीत पाचच गोष्टी धरल्या: भाव बोथटणं, बोलणं आटणं, एकलकोंडेपणा, आनंद न वाटणं, इच्छाशक्ती खचणं. बीएनएसएस आणि केन्स या नव्या मोजपट्ट्या त्यावरच बेतल्यात, दोन्हींत १३ आयटम. मी असतो तर बीएनएसएस घेतलं असतं. आणि पॅन्समधली सुधारणेची टक्केवारी काढताना प्रत्येक आयटमचा १ आधी वजा करा (गुण ० नाही, १ पासून सुरू होतात), आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी केला नव्हता.

वॉर्ड_सिस्टर: हॅलोपेरिडॉल चालू आहे का? मनगट वाकवून बघा, ताठर लागलं तर चेहऱ्याचा थंडपणा औषधाचाही असेल.

रेसिडेंट_दुसरंवर्ष: आहे, १० मिलिग्रॅम. मनगट बघितलंच नव्हतं, सिस्टर. उद्या राउंडला बघतो. उदास आहे का तेही नीट विचारतो. बीएनएसएसचं मराठी भाषांतर कुणी वापरलंय का?

जुना_मानसोपचारक: आधी गाईडला विचारा. म्हण मात्र बदला हो.