जपानमधला वर्षाचा नंबर एक अल्बम: श्रोत्यांचा की चाहत्यांचा?

तबकडी
ओरिकॉन या जपानी कंपनीच्या वार्षिक विक्री-यादीत पहिला आलेला अल्बम जपानने सर्वांत जास्त ऐकला, असं आता म्हणता येत नाही. १९९९ मध्ये उतादा हिकारूचा 'फर्स्ट लव्ह' पहिला होता. १६ वर्षांच्या मुलीच्या या अल्बमच्या ७० लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि जपानमधल्या सर्वाधिक अल्बम-विक्रीचा तो विक्रम आजही कायम आहे. २०२३ मध्ये पहिला आला किंग अँड प्रिन्स या तरुण गायकांच्या ग्रुपचा 'मिस्टर ५'. हल्ली अशा ग्रुपचा अल्बम अनेक आवृत्त्यांत निघतो. एकीत व्हिडिओची डिस्क, दुसरीत पडद्यामागचं चित्रण, साध्या आवृत्तीत एखादं जादा गाणं. चाहती मुलगी सगळ्या घेते. प्रती तीन, कान दोनच!

ओसाकावासी
अजिबात पटलं नाही. 'मिस्टर ५' एप्रिलमध्ये आला आणि मे महिन्यात पाचातले तिघे ग्रुप सोडून गेले. पाचही जण एकत्र असलेला तो शेवटचा ठेवा होता. लोकांनी जीव लावून विकत घेतलं, ती लोकप्रियता खोटी कशी?
आणि तेव्हाचे आकडे तरी आपोआप वाढले होते का? २८ मार्च २००१ ला उतादाचा 'डिस्टन्स' आणि गायिका हामासाकी आयुमीचा 'अ बेस्ट' एकाच दिवशी बाजारात आले. माध्यमांनी दोघींची झुंज लावून दिली आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही मिळून ५० लाखांहून जास्त प्रती गेल्या.

मेघमल्हार
मुद्दा भलतीकडेच चाललाय. जपानमध्ये सीडीची किंमत कंपनी ठरवते, दुकानदाराला ती कमी करता येत नाही. अल्बम साधारण ३००० येनला. म्हणून तर तिथे सीडी भाड्याने देणारी दुकानं इतकी चालली. पोरं सीडी घरी न्यायची, कॅसेटवर किंवा मिनीडिस्कवर उतरवून घ्यायची आणि परत करायची. त्यांचं ऐकणं विक्रीच्या यादीत कधी आलंच नाही. ती यादी तेव्हाही खरेदीची होती, आजही खरेदीचीच आहे.

तबकडी
मेघमल्हार, हे मान्य. पण मग ओरिकॉनने २०१८ च्या डिसेंबरपासून डाउनलोड आणि स्ट्रीमिंग धरून वेगळी एकत्रित यादी का सुरू केली? नुसत्या सीडीवर भागत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

ओसाकावासी
मग २०२० चा गायक योनेझू केन्शी घ्या. त्याचा अल्बम 'स्ट्रे शीप' ५ ऑगस्टला आला आणि त्याच दिवशी त्याने आपली सगळी गाणी स्ट्रीमिंगवर खुली केली. घरबसल्या ऐकायची सोय असूनही सीडी दहा लाखांच्या वर गेली. एका आवृत्तीत कीचेन होती, दुसरीत चित्रांचं पुस्तक. ते हातात घ्यावंसं वाटणं हेही त्या गाण्यांवरचंच प्रेम आहे.

तबकडी
प्रेम आहेच, त्याबद्दल वादच नाही. पण कीचेनसाठी गेलेली प्रत आणि गाण्यांसाठी गेलेली प्रत एकाच आकड्यात मिसळते, माझी तक्रार तेवढीच आहे. वर्षअखेरीच्या बातमीत विक्रीची आणि ऐकण्याची, दोन्ही याद्या शेजारी-शेजारी द्या. कुठला अल्बम दोन्हीकडे वर आहे, ते मला बघायचंय.