सल्ला हवा: एस.वाय. बी.कॉम.ला आहे, नोकरीच्या तयारीसाठी १८ हजारांचा क्लास लावू का?

कृष्णाकाठची
नमस्कार. कराडला एस.वाय. बी.कॉम. करतेय. मार्क बरे आहेत, पण चारचौघांत उठून बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. मागच्या महिन्यात कॉलेजात एक क्लासवाले येऊन गेले. 'लीडरशिप आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट', तीन महिने, फी १८,०००, शेवटी सर्टिफिकेट. म्हणाले, कंपन्या आता मार्क बघत नाहीत. वडील म्हणतात भरू या, सोयाबीनचे पैसे आलेत. माझ्या जिवावर येतंय.
आणखी एक. मी गावाहून एसटीने ये-जा करते. कॉलेज सकाळचं, साडेबाराला सुटतं, पण तालमी, कार्यक्रम सगळं संध्याकाळी. साडेपाचची गाडी चुकली की घरी बोलणी बसतात. अशात काय करता येईल?

घाटावरचा
भरू नकोस. सोयाबीनचे पैसे पुढच्या सोयाबीनलाच लागतात.

मधुरा_चाकण
अगं, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एच.आर.ला आहे. फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. असलं सर्टिफिकेट फाइलमध्ये दिसलं की मी पान उलटते. 'लीडरशिप क्वालिटी', 'टीम प्लेअर', 'हार्ड वर्किंग' हे तर सगळ्यांच्याच बायोडाटात असतं, तेही बहुधा ह्याच क्रमाने. मी एवढंच विचारते, की चार माणसं तुझ्यावर अवलंबून होती असं एखादं काम सांग. तिथे बरेच जण छताकडे बघायला लागतात.

एन.एस.एस.ला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घाल. एस.वाय.ला असलीस तरी वेळ गेलेली नाही. दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं एक निवासी शिबिर. एन.सी.सी.च्या 'सी' सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात, त्यामुळे तो विचार आता सोड.

मागे एका मुलाने शिबिरातल्या वनराई बंधाऱ्याची गोष्ट सांगितली होती. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून बांध घालतात, हे सगळ्यांना माहीत. पण गोण्या आणायच्या कुठून? हा पठ्ठ्या शिबिराच्या आधीच गावातल्या चालू बांधकामांवर हिंडून गवंड्यांना सांगून आला होता. गोणी गच्च भरली तर उचलत नाही आणि थरात नीट बसतही नाही, म्हणून थोडी रिकामी ठेवून तोंड शिवायचं. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. हे सगळं त्याने हातवारे करत सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, दोन तासांत पोरं कंटाळली, साखळी तुटायला लागली. मी भरणारे आणि रचणारे अदलाबदल केले, आणि अकराचा चहा साडेदहाला आणवला." इंग्रजी त्याचं यथातथाच. आम्ही त्याला घेतलं, आज स्टोअर्सला आहे.

घाटावरचा
चहा साडेदहाला, हे आमच्या मॅनेजरला कुणीतरी सांगा.

कृष्णाकाठची
ताई, सात दिवस बाहेर राहायला घरून सोडतील असं वाटत नाही.

मधुरा_चाकण
वडिलांनाच एकदा कॉलेजात घेऊन जा, कार्यक्रम अधिकाऱ्यांशी गाठ घालून दे. मुलींची राहायची सोय कुठे, सोबत कोण मॅडम आहेत, हे त्यांना समोरासमोर विचारू दे. तुझ्या तोंडून ऐकण्यात आणि सरांच्या तोंडून ऐकण्यात फरक पडतो.

खातेवही
थोडा वेगळा सूर लावतो. एन.एस.एस. चांगलं चाललं तर चांगलंच, पण झाडू धरून फोटो काढायचा आणि डायरीत तास भरायचे, हेही बऱ्याच ठिकाणी चालतं. आधी सिनियर मुलींना विचार.

मी सांगलीत करसल्लागार आहे. बी.कॉम.वालीने दुपारी एक ते पाच कराडमधल्या एखाद्या करसल्लागाराकडे किंवा सी.ए.कडे बसावं. टॅली येईलच, पण मी सांगतोय ते वेगळं. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं) ११ तारखेला, ३बी (कर भरायचं) २० तारखेला. समोरच्या व्यापाऱ्याने ११ च्या आत बिल चढवलं नाही तर १४ ला येणाऱ्या २बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीच्या यादीत, ते दिसत नाही, आणि आपल्या क्लायंटचं खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. म्हणून ८-९ तारखेला कुणीतरी फोन लावायचा: "काका, तुमचं अमुक नंबरचं बिल अजून चढलेलं नाही." काका आधी चिडतात, मग म्हणतात पोरगा बाहेर गेलाय, मग फोनच उचलत नाहीत. बापाच्या वयाच्या माणसाकडून न दुखावता काम करून घ्यायचं आणि तारीखही गाठायची. हे कुठला क्लास शिकवतो ते मला दाखवा.

सुरुवातीला पैसे मिळतीलच असं नाही, पण गाडीभाडं तरी माग, लाजू नकोस. नव्या अभ्यासक्रमात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहे, त्याचे अभ्यासक्रमातले क्रेडिट यात बसवता येतात का तेही कॉलेजात विचारून ठेव. साडेपाचची गाडी आरामात मिळेल.

मधुरा_चाकण
हे मान्य. तिला दोन्ही जमेल, शिबिर वर्षातून एकदाच असतं.

अण्णा_मिरज
घशाच्या कोरडीबद्दल कुणी बोललंच नाही. आभारप्रदर्शन मागून घे. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल. तीन मिनिटांचं काम, तोवर लोकांचं लक्ष जेवणाकडे लागलेलं, कुणी फारसं ऐकत नाही. नावं मात्र चुकवायची नाहीत. त्यासाठी आदल्या दिवशी मंडपवाला, साउंडवाला, शिपाईमामा, पाहुण्यांना घेऊन येणारा ड्रायव्हर, सगळ्यांशी बोलून कुणी काय केलं ते टिपून ठेवावं लागतं. प्राचार्यांचे आभार सगळेच मानतात. शिपाईमामांचं नाव घेतलंस की पुढच्या कार्यक्रमाला हॉलची किल्ली मागावी लागणार नाही. दुपारचे छोटे कार्यक्रम धर, म्हणजे गाडीचाही प्रश्न नाही.

कृष्णाकाठची
आभारप्रदर्शनाचं ऐकून हसू आलं, पण जमेल असं वाटतंय. वाणिज्य मंडळाचं व्याख्यान आहे, तिथे विचारते. क्लासला नाही म्हणून वडिलांना सांगितलं, ते अजून धुसफुसतायत. मधुराताई, हे असलं बायोडाटात लिहायचं कसं? 'फोन केले' असं लिहिलं तर वेडेपणा वाटेल.

मधुरा_चाकण
मुळीच नाही. 'लीडरशिप' हा शब्दच काढून टाक आणि असं लिही: "करसल्लागार कार्यालयात अर्धवेळ काम. दरमहा २५ व्यापाऱ्यांच्या राहिलेल्या बिलांचा पाठपुरावा." आकडा जो खरा असेल तोच टाक, कारण मी त्यातल्या सगळ्यात चिडक्या व्यापाऱ्याबद्दल विचारणार. आत्ताचा बायोडाटा असेल तर नाव, पत्ता, फोन खोडून इथेच चिकटव. रविवारी बघते.