मदत हवी आहे: पाचवीची लेकरं घडाघडा वाचतात, पण कळत काहीच नाही

कोरा फळा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात, धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. यंदा पाचवी माझ्याकडे आली, पट २७.

जूनमध्ये सगळ्यांचं वाचन घेतलं. सहा जण जोडाक्षर आलं की अडखळतात, 'प्रकाश'चं 'परकाश' करतात, रफार दिसला की गिळून टाकतात. त्यांचं काय करायचं ते मला थोडंफार कळतं. अडचण उरलेल्या २१ जणांची आहे. ही लेकरं घडाघडा वाचतात. 'असर' या देशभरच्या पाहणीतल्या वाचन चाचणीत सगळ्यात वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीची गोष्ट, ती त्यांनी कधीच ओलांडली. कागदावर सगळं आलबेल. पण धडा संपल्यावर एक प्रश्न विचारा, वर्गात पंख्याचा तेवढा आवाज येतो. लाईट असली तर.

परवाचंच सांगते. वाचताना 'आतुर' शब्द आला. फळ्यावर लिहिलं, आतुर = उत्सुक. वहीत उतरवून घेतलं, तीनदा म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी एकाला विचारलं, "आतुर म्हणजे काय रे?" म्हणाला, "उत्सुक." मी खूश. "आणि उत्सुक म्हणजे?" "आतुर." मग वाक्यात वापरून आण म्हटलं, तर आणलं: 'माझी आई आतुर भाजी करते.' वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं तरी वर्गात कुणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

दर धड्याला १५ ते २० शब्दार्थ देते. चाचणीत बरोबर लिहितात, महिन्यानं पाटी कोरी. समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा सगळं करून झालंय.

शब्द डोक्यात टिकावा म्हणून तुम्ही नेमकं काय करता? आणि वाचलेलं समजतंय की नाही हे धड्याखालचे प्रश्न सोडून कसं तपासता? वेळही कमी आहे. दिवाळी झाली की नऊ-दहा लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतील, काहींना धाकटं भावंडं सांभाळायला न्यावंच लागतं. म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने.

कृपा करून ॲप सुचवू नका. फोन बापाच्या खिशात आणि बाप शिवारात.

तेरणाकाठ

ताई, 'आतुर भाजी' आमच्याकडंही शिजते, काळजी करू नका.

आधी त्या २१ जणांचे दोन ढीग करा. सारख्याच अवघडपणाचे दोन उतारे घ्या, आठ-दहा ओळींचे. एक लेकरानं स्वतः वाचायचा आणि काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. दुसरा तुम्ही वाचून दाखवायचा, त्यानं फक्त ऐकायचं आणि सांगायचं. एकेकाला बाहेर व्हरांड्यात घेऊन करा, वर्गात केलंत तर दुसरा पहिल्याचं ऐकून सांगतो.

ऐकलेलं नीट सांगतो पण वाचलेलं सांगता येईना, तर त्याचं सगळं बळ अक्षरं जुळवण्यात जायलंय. घडाघडा वाटलं तरी तसं असतं बरं का. त्याला तोच उतारा तीन-चारदा वाचायला द्या, सवयीचं झालं की डोकं अर्थाकडं वळतं. आणि ऐकूनही कळंना, तर तिथं भाषाच कमी पडायली. त्याच्याकडून कितीही वाचून घ्या, उपयोग नाही. गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एकीकडं शून्य असलं की उत्तर शून्य. मी स्वतः दोन वर्षं एका ढिगाला दुसऱ्या ढिगाचं औषध पाजत होतो.

आता शब्द. १५-२० सोडा, आठवड्याला पाच घ्या, पण पाचही चावून चावून. कुठले पाच? इझाबेल बेक या संशोधक बाईंनी शब्दांचे तीन थर सांगितलेत. 'पाणी', 'झाड' घरी येतंच. 'अक्षांश', 'प्रकाशसंश्लेषण' त्या-त्या विषयात बघू. मधला थर आपला: आतुर, हताश, संकोच, निमूट, सावध. हे कुठल्याही पुस्तकात भेटतात आणि घरी सहसा कुणी बोलत नाही.

आणि अर्थाला अर्थ जोडू नका, प्रसंग जोडा. आतुर कोण असतं? कशासाठी? आतुर माणूस बसल्या जागी काय करतो? यष्टीची वाट बघणारी आजी आतुर आहे का? दगड आतुर होईल का? भाजी होईल का? हे 'होईल का' फार कामाचं आहे. शब्द कुठं बसत नाही हे कळलं की तो कुठं बसतो ते पक्कं होतं.

कोरा फळा

दादा, भाजी आतुर होईल का, हे उद्याच विचारते. व्हरांड्यातली तपासणी मात्र २१ जणांची म्हणजे आठवडा जाईल. चालेल, जाऊ दे.

निवृत्त गुरुजी

बाई, मी ३४ वर्षं शिकवलं. गफ-टनमर माहीत नव्हते. रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि एक कविता पाठ, एवढंच होतं आणि पोरं शिकली. असो, आता काळ तुमचा.

दोन गोष्टी सांगतो. एक, शब्द एकटा शिकवू नका, त्याचं खानदान दाखवा. हजेरीत रोज 'गैरहजर' म्हणता ना? तिथून सुरू करा. गैरहजर, गैरसमज, गैरसोय. मग बेभरवशाचा, बेचव, बेफिकीर. मग निर्भय, निर्जन, निर्मळ. पुढचा तुकडा कळला की पोरगं न शिकवलेला शब्दही फोडतं. फक्त 'जल'वरून जलचर, जलाशय करताना सावध राहा. 'जलद' म्हणजे ढगही आणि भरभरही. त्यावर माझा एक तास गेला होता.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. याकडे कुणी बघतच नाही. धड्यात 'पक्षी थव्यानं उडाले' असं होतं. एका मुलानं हात वर करून विचारलं, "गुरुजी, थव्या कोण?" गण्या, पम्या तसा थव्या! पोराचं काय चुकलं? 'थवा' त्यानं कधी ऐकलाच नव्हता आणि पुस्तकात तो 'थव्या' होऊन आला. शब्दकोशात शोधायला गेला तरी सापडणार नाही. ओलावा-ओलाव्यामुळे, विसावा-विसाव्याला, कडा-कड्यावरून. नवा शब्द आला की आधी त्याचं मूळ रूप हुडकायची सवय लावा. हे इंग्रजी संशोधनात नसेल, मराठीला मात्र लागतंच.

मन्याडकाठ

गुरुजींचा थव्या जबरदस्त!

मी कंधारकडं आहे, वर्गात निम्मी लेकरं तांड्यावरची. घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. ऐकूनही कळत नाही असा ढीग निघाला तर ताई, तुमच्याकडंही तांड्याची लेकरं आहेत का ते बघा. त्यांच्याकडं शब्द नाहीत असं होत नाही, ते दुसऱ्या भाषेत असतात.

पहिल्या वर्षी एका पोरीनं निबंध वाचला, 'माझी याडी लई कष्ट करते.' सगळा वर्ग फिदीफिदी हसला, 'येडी' ऐकू आलं त्यांना. गोरमाटीत याडी म्हणजे आई. पोरगी पुढं दोन महिने तोंड उघडंना. मला स्वतःला तो शब्द त्या दिवशी कळला. मग भिंतीवर मोठा कागद लावला, दोन रकाने. एकीकडं मराठी, एकीकडं तांड्यावर काय म्हणतात ते, आणि दुसऱ्या रकान्याचे मास्तर तेच. आता मराठीवाले पोरं त्यांना विचारायलेत.

कोरा फळा

मन्याडकाठ, माझ्याकडे तांड्याचे चार जण आहेत. मी कधी असा विचारच केला नाही. कागद आजच आणते.

पुस्तकपेटी

वाचायला पाठ्यपुस्तकाशिवाय काही देता का? एकच पुस्तक वर्षभर म्हणजे तेच शब्द त्याच पानावर. शब्द वेगवेगळ्या ठिकाणी भेटायला पाहिजे.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. स्टोरीविव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, छापून घ्यायलाही मोकळ्या आहेत. मी तालुक्याला गेले की चार-पाच गोष्टी प्रिंट काढून दोऱ्यानं शिवते. लेकरांना फोन लागत नाही, एकदा मास्तरणीला लागतो.

आणि रोज दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, त्यांच्या पातळीच्या जरा वरचं. पाचवी मोठी झाली म्हणून थांबवू नका.

तेरणाकाठ

गुरुजी, सामान्यरूपाचं कबूल, शंभर टक्के. पण तुमच्या काळापासून चालत आलेलं, एकानं उठून वाचायचं आणि २६ जणांनी बोट ठेवून बसायचं, ते मी बंद केलंय. आपली पाळी कितव्या ओळीला येते ते मोजण्यातच लेकरांचा तास जातो.

त्याऐवजी चौघांचा गट, चार चिठ्ठ्या. एकानं पुढं काय होईल ते सांगायचं, एकानं प्रश्न काढायचा, एकानं अडलेला शब्द पकडायचा, एकानं दोन वाक्यांत सार सांगायचं. परिच्छेद संपला की चिठ्ठ्या फिरवायच्या. पॅलिंक्सार आणि ब्राउन या दोघी संशोधक बाईंनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत आहे. पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ होतो. मुख्याध्यापक दोनदा डोकावून जातात. धीर धरा. आधी आठवडाभर चारही कामं तुम्ही स्वतः बोलून करून दाखवा, "मला इथं अडलं, मी मागची ओळ परत वाचते" असं. लेकरांना वाटतं मोठ्या माणसाला वाचताना अडतच नाही.

निवृत्त गुरुजी

बोट ठेवून बसण्यात शिस्त होती. पण पाळी मोजणं खरं आहे. मीही मोजायचो.

कोरा फळा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. पोळा, गणपती, मग दोन दिवस प्रशिक्षण, त्यामुळे उशीर.

व्हरांड्यातली तपासणी झाली. २१ पैकी आठ जणांना ऐकलेलं छान सांगता आलं, वाचलेलं नाही. मला वाटत होतं ही सगळ्यात हुशार आहेत, कारण ती सगळ्यात वेगानं वाचत होती! विरामचिन्ह दिसत नाही, श्वास घेत नाहीत, रेल्वे नुसती. त्यांना आता उलट हळू वाचायला लावतेय, पूर्णविरामाला थांबून मनात चित्र काढायचं. नऊ जणांना ऐकूनही नीट सांगता येईना, त्यात तांड्याचे तिघं. चौघांचं दोन्ही बरं निघालं. हे मला जूनमध्ये कळायला हवं होतं.

चिठ्ठ्यांचा गोंधळ अजून गोंधळच आहे. सार सांगणारा अख्खा परिच्छेद परत वाचतो. बघू.

शब्दांचं मात्र भलतंच झालं. 'एका शब्दाचे अनेक अर्थ' घेत होते, पुस्तकातली उदाहरणं चालेनात. सहज विचारलं, "उचल म्हणजे काय?" अर्धे म्हणाले, "दप्तर उचल." मागून एक जण, हंगामाला जाणारा, म्हणाला, "बाई, उचल म्हंजी मुकादमाकडून घेतलेले पैसे." मुकादम म्हणजे ऊसतोडीला माणसं नेणारा ठेकेदार. मग थांबेचनात. कोपी (तोडकऱ्यांची झोपडी), मोळी, वाढं (उसाचा हिरवा शेंडा), पाचट (उसाची वाळली पानं), टोळी. फळा भरला. एकीनं सांगितलं, कोयता म्हणजे नवरा-बायको. मी म्हटलं, कोयता म्हणजे कोयता. तर म्हणाली, "नाही बाई, मुकादम विचारतो ना, किती कोयते? माझी आई आजारी होती तव्हा बाप अर्धा कोयता होता."

माझ्याकडं पुढं बोलायला काही नव्हतं. वस्तूच्या नावानं माणूस ओळखला जातो, हे मी पाचवीला समजावणार होते आणि त्या पोरीनं मलाच समजावलं. दर वर्षी दिवाळीनंतर ज्यांच्या नावापुढं गैरहजेरी पडते, त्या दिवशी सगळा तास त्यांचा होता. गावात राहणारी लेकरं त्यांना विचारत होती, वाढं म्हणजे काय, ती वाढ की ते वाढं.

आता प्रत्येकाची शिवलेली शब्दवही केलीय. डाव्या पानावर आपला शब्द, उजव्या पानावर पुस्तकातला, जुळत असेल तर. वही जाणाऱ्यांसोबत फडात जाईल. तिकडं रोज एक नवा शब्द टिपून आणायचा, कारखान्याच्या पाट्यांवरचा चालेल, ट्रकच्या मागचा चालेल. किती वह्या परत येतील माहीत नाही.

पुस्तकपेटी

वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला. कोपीत पाणी शिरतं.

मन्याडकाठ

आणि दोरीनं पेन्सिल बांधा वहीलाच.

तेरणाकाठ

ताई, 'आतुर'चं पुढं काय झालं ते राहिलंच की.

कोरा फळा

भाजी आतुर होईल का, यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाला, भाजी नाही पण भाजी खाणारा होईल. काल त्याच पोराकडून नवीन वाक्य घेतलं. जसंच्या तसं देते: 'मुकादम उचल वसूल करायला आतुर हाय.'

निवृत्त गुरुजी

'हाय' नव्हे, 'आहे'.

कोरा फळा

गुरुजी, ते पुढच्या सोमवारी बघू.