इराकच्या साइटवरून माणसं घाईत बाहेर काढायची वेळ आली तर काय करायचं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज

पुणेरी_अ‍ॅडमिन:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका छोट्या काँट्रॅक्टिंग कंपनीत अ‍ॅडमिन आणि एचआर दोन्ही बघते. बसराजवळ आमची साइट आहे, फिटर, वेल्डर, थोडे इंजिनिअर, कॅम्पचा कुक अशी चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी आमच्या पेरोलवर आणि निम्मी सबकाँट्रॅक्टरची. 2025 च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराणची जुंपली तेव्हा इराकने विमानंच बंद केली आणि रजेवर निघालेली आमची दोन पोरं बॅगा घेऊन परत कॅम्पवर. तेव्हा निभावलं, पण आता साहेब म्हणतात एक इव्हॅक्युएशन प्लॅन बनव, म्हणजे बहुतेक पीपीटीच. विमान चार्टर करायचं असतं का, एम्बसीला कधी कळवायचं, सुरुवात नक्की कुठून करू?

खार्तूम_रिटर्न:
ताई, पीपीटी राहू दे, आधी साइटवर फोन लावा आणि विचारा की प्रत्येकाचा पासपोर्ट आत्ता या क्षणी कुठे आहे.
मी एप्रिल 2023 ला सुदानमध्ये होतो. 15 तारखेला शनिवारी सकाळी लष्कर आणि आरएसएफ म्हणजे तिथल्या निमलष्करी दलाची लढाई सुरू झाली ती खार्तूमच्या एअरपोर्टवरच, त्यामुळे चार्टरबिर्टर विषयच संपला. भारत सरकारचं ऑपरेशन कावेरी 24 तारखेला सुरू झालं आणि ते जबरदस्त झालं यात वादच नाही, पोर्ट सुदानहून नौदलाची जहाजं आणि हवाई दलाची विमानं सौदीतल्या जेद्दाला, तिथे इंडियन स्कूलमध्ये गाद्या टाकून सोय, मग पुढे दिल्ली, मुंबई, बंगळुरू. पण खार्तूम ते पोर्ट सुदान रस्त्याने साडेआठशे किलोमीटर आहे हो. एम्बसीने बसेस केल्या, तरी आपल्या दारातून बसपर्यंत कसं पोचायचं हे ज्याचं त्याने बघायचं होतं. बँका बंद, डिझेल मिळेना, बसवाले रोख डॉलर मागायचे, रस्त्यात एक नाका लष्कराचा तर पुढचा आरएसएफचा. आमच्या ग्रुपमध्ये एकाचा पासपोर्ट व्हिसाच्या कामाला गेलेला आणि ते ऑफिस बंद, त्याच्यासाठी सगळी गाडी अडून राहिली. आमच्या कंपनीचं हेड ऑफिस रोज व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्टे सेफ' पाठवायचं, नेट असेल तेव्हा वाचायचो.
आणि एक गंमत सांगतो, सुटून भारतात उतरलो तर यलो फीवरचं कार्ड नाही म्हणून कितीतरी जणांना क्वारंटाईन केलं. इराकला ते लागत नाही, पण कागद कुठे आडवा येईल याचा नेम नाही.

तात्या_सांगलीकर:
आमच्या भागातली बरीच माणसं तेव्हा केनानाच्या साखर कारखान्यात होती, खार्तूमच्याही दक्षिणेला, म्हणजे पोर्ट सुदान त्यांना अजून लांब. पण इतकं टेन्शन घेऊ नका ओ, आपलं सरकार आणतंय सगळ्यांना. 1990 ला कुवेतमधून पावणेदोन लाखाच्या आसपास लोक आणले, 2015 ला येमेनमधून आणले, युक्रेनमधून पोरं आणली.

खार्तूम_रिटर्न:
तात्या आणलं हे खरंच, पण कुवेतची बहुतेक माणसं इराकमार्गे जॉर्डनच्या अम्मानपर्यंत बसने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने आली, एअर इंडियाचं विमान अम्मानला होतं. येमेनमध्ये तर पासपोर्ट मालकाकडे आणि एक्झिट व्हिसा नाही म्हणून नर्स अडकून पडल्या होत्या. सरकार बंदरापासून पुढे आणतं, कॅम्पपासून बंदरापर्यंत कंपनीच.
ताई, तुम्हाला बसराहून कुवेतची साफवानची बॉर्डर अगदी जवळ, पण व्हिसाशिवाय तिचा उपयोग शून्य, आणि जॉर्डनची त्रेबिल म्हणजे अख्खा इराक ओलांडून. दोन्हींचं आधी विचारून ठेवा. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना संपलेला असला तर दंड भरेपर्यंत बाहेर सोडत नाहीत, ते तर आजच तपासा. एम्बसीत नावं आत्ताच नोंदवा, धूर दिसल्यावर नाही, आणि यादीत सबकाँट्रॅक्टरची माणसं पण घाला. बस ड्रायव्हर 'हा आमचा, तो त्यांचा' बघत बसणार नाही पण तुमचं ऑफिस बघेल, लिहून घ्या.

बिमावाला_ठाणे:
इन्शुरन्सचं मी सांगतो. नेहमीच्या ट्रॅव्हल किंवा मेडिकल पॉलिसीत युद्ध बहुतेक वेळा वगळलेलं असतं. राजकीय अशांततेत बाहेर काढायचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि त्यातही अटी असतात, सरकारने देश सोडायचा सल्ला दिल्यावर ठरावीक दिवसांत निघालात तरच पैसे, आणि पॉलिसी घेतानाच तो सल्ला लागू असेल तर बऱ्याचदा काहीच नाही. त्यामुळे थांबून बघू म्हणणाऱ्याचा क्लेम पण थांबतो. ब्रोकरकडून हे कलम वाचून घ्या, ब्रोशर नको.

वेल्डरची_बायको:
मध्येच बोलते, सॉरी. आमचे हे बाहेर असतात म्हणून सांगते, एम्बसीने निघा म्हटलं तरी माणसं निघत नाहीत. का माहितीये? तीन महिन्यांचा पगार अडकलेला असतो, एजंटाला पैसे द्यायला काढलेलं कर्ज डोक्यावर असतं आणि एकदा परत आलो तर पुन्हा घेतील का ही भीती. तुमच्या साहेबांना आधी हे लेखी द्यायला सांगा की निघालात तर मागचा पगार पूर्ण मिळेल आणि तिकिटाचे पैसे पगारातून कापणार नाही. नाहीतर गाडी दारात उभी राहील आणि निम्मे जण चढणारच नाहीत. आणि घरच्यांना फोन करायला ऑफिसात एक माणूस नेमा, आम्हाला टीव्हीवरून कळतं सगळं.

पुणेरी_अ‍ॅडमिन:
बापरे, हे पगाराचं डोक्यातच नव्हतं. खार्तूमदादा, फोन केला, अकरा पासपोर्ट इकामा रिन्यूअलला बगदादच्या एजंटाकडे आहेत आणि साइट मॅनेजर म्हणतो 'येतील आठवड्यात'. अजून एक, निघायचा निर्णय कोणी घ्यायचा? आमच्याकडे दोन लाखाच्या वरच्या खर्चाला एमडींची सही लागते.

खार्तूम_रिटर्न:
झालं मग, एमडी झोपलेले असतील तेव्हा नेमका रस्ता उघडा असेल. साइट मॅनेजरला आधीच लेखी अधिकार द्या, गाड्या ठरवायचे, पैसे खर्चायचे, काम बंद करायचे. डॉलर छोट्या नोटांत साइटवरच्या तिजोरीत, पुण्याच्या खात्यात असून फायदा नाही. आणि विमानं चालू आहेत तोवर ज्यांची गरज नाही त्यांना साध्या तिकिटाने घरी पाठवा, तेव्हा ऑफिसात लोक हसतील, हसू देत. त्या अकरा जणांचं एजंटाकडून आजच तारखेसकट लिहून घ्या, पासपोर्टच्या झेरॉक्सवर त्याचा शिक्का मारून प्रत्येकाच्या खिशात द्या.