नॉर्म नसताना ग्रँडमास्टर कशी?

प्रश्न असा: बुद्धिबळपटू दिव्या देशमुखकडे एकही नॉर्म (किताबासाठी मोजली जाणारी, एखाद्या स्पर्धेतली ठराविक दर्जाची कामगिरी) नव्हता, मग ग्रँडमास्टर किताब कसा? नेहमीचा रस्ता असा: मिळून किमान 27 डाव भरतील इतके नॉर्म (सहसा तीन), प्रत्येकात 2600 रेटिंगच्या तोडीची कामगिरी, शिवाय स्वतःचं रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) एकदा तरी 2500. पण फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमानुसार महिला विश्वचषक विजेतीला किताब थेट मिळतो. याला सवलत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नॉर्मच्या स्पर्धेत हरलेला डाव पुढच्या फेऱ्यांत भरून काढता येतो. विश्वचषकाच्या बाद फेऱ्यांत एक मिनी-सामना हरलात की संपलं. जॉर्जियातल्या बटुमीत 2025 च्या महिला विश्वचषकात दिव्याने झू जिनर, हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाद केलं. कोनेरू हंपीशी अंतिम सामन्यातले दोन्ही क्लासिकल (दीर्घ वेळेचे) डाव बरोबरीत, जलद टायब्रेकचा (बरोबरी फोडायला खेळलेल्या कमी वेळेच्या डावांतला) पहिलाही. दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला!